तळ्यातून वर आलेली घंटा

लिथुआनियातल्या आमच्या अल्क्सनुपे गावात बघण्यासारखं काय, तर लाकडी चर्च, मोडक्या पंखांची पवनचक्की आणि तळं. हे सगळं पाहुण्यांना दाखवायची अपोलोनियामावशी. डेअरीतून निवृत्त झाल्यावर हे काम तिनं आपणहून अंगावर घेतलं. तिला कोणी नेमलं नव्हतं, पण थांबवायचीही कोणाची छाती नव्हती. चक्कीचे पंख कोणी मोडले? तिच्या मते कधी फ्रेंच फौजेनं, कधी स्वीडिश. पाहुणेच स्वीडिश निघाले तर वादळानं.

तळ्यातल्या घंटेची गोष्ट मात्र ती अक्षरही न बदलता सांगायची. पहिल्या महायुद्धात जर्मन लोक घंटा वितळवायला नेतील म्हणून गावकऱ्यांनी ती होडीतून नेऊन तळ्यात सोडली, आणि होडी वल्हवली मावशीच्या आजोबांनी.

एका उन्हाळ्यात काउनास शहरातून पाणबुडे आले. तळाशी धातूचं काहीतरी मोठं, गोल आहे म्हणाले. झालं! सगळा गाव काठावर. फादर पवित्र पाणी घेऊन, मावशी ठेवणीतला निळा कोट घालून. ट्रॅक्टरला दोर बांधला.

मावशीच्या शेजारचा म्हातारा अनिसेतास मात्र कासावीस झाला होता. तो तिला म्हणाला,

"पोलोन्या, राहू दे ना. बुडालंय ते बुडालंय."

"गप रे! इथे इतिहास वर येतोय आणि तुझं भलतंच!"

चिखलानं लडबडलेला गोळा वर आला. बायकांनी गुडघे टेकले, फादरनी पाणी शिंपडलं. तेवढ्यात चिखल घसरला आणि वाकडी नळी दिसली.

"अहो, ही तर हातभट्टी!" ट्रॅक्टरवाला ओरडला.

अनिसेतासनं टोपी काढली. "आमच्या बाबांची. सोव्हिएत पोलिसांची धाड आली तेव्हा आम्हीच ढकलली होती."

"आणि इतकी वर्षं मी घंटा घंटा करतेय, तेव्हा तुझी दातखीळ बसली होती?"

"तू सांगायचीस इतकं छान... मलाही खरं वाटायला लागलं होतं."

मावशीनं दार लावून घेतलं. अनिसेतासनं बटाट्याचा गरम कुगेलिस नेऊन दिला, तो तिनं खिडकीतूनच परत केला. रविवारी पाहुण्यांची बस आली. मावशी बाहेर येईना, तेव्हा बिचारा अनिसेतास स्वतःच पुढे झाला. "हे चर्च," तो म्हणाला. बराच वेळ विचार करून म्हणाला, "हे तळं."

मावशीला ते ऐकवेना. ती ताडकन बाहेर आली. "सरक! चर्चला काय नुसतं चर्च म्हणतात?"

त्या दिवशी तिनं पाहुण्यांना आधी भट्टीच दाखवली. "नीट बघून घ्या. फादरच्या हातून पावन झालेली भट्टी अख्ख्या लिथुआनियात दुसरी नाही!" आजोबांनी घंटा सोडली ती तळ्याच्या पलीकडच्या टोकाला, हेही तिनं ठणकावून सांगितलं.

आता दोघं मिळून गाव दाखवतात. तो तिची छत्री धरतो. बोलायची परवानगी त्याला अजून मिळालेली नाही.