तुपाच्या डब्याचा अँटेना
मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात सोल्डरिंगचा वास आला की मला आमच्या निजामपुऱ्याच्या घराची गच्ची आठवते. लॉकडाऊनमध्ये मी बडोद्याला परतले, तेव्हा अंगणापलीकडच्या माझ्या खोलीत वायफाय पोचत नव्हतं, आणि इथे माझं काम होत नाही, असं मी रोज म्हणायचे. नंदेसरीच्या कारखान्यातून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झालेल्या बाबांनी ते मनावर घेतलं. तुपाच्या रिकाम्या डब्याला भोक पाडून त्यांनी आत तांब्याची तार सोल्डर केली, वायर राउटरला जोडली आणि भर दुपारी डोक्याला ओला पंचा बांधून डबा घेऊन गच्चीवर उभे राहिले. मी समोर खिडकीत लॅपटॉप उघडून बसले. "आलं ने, बेटा?" त्यांनी आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत विचारलं. वायफायच्या सगळ्या रेघा भरल्या होत्या. पण पुण्याच्या नोकरीला मी आदल्याच दिवशी होकार कळवला होता, आणि जाण्यासाठी घरी सांगायला माझ्याकडे वायफाय नसण्याचं एवढंच कारण होतं. "नाही," मी म्हणाले. त्यांनी डबा जरासा फिरवून पुन्हा विचारलं, मग पुन्हा. तासाभराने घामाने निथळत खाली आले आणि आईला म्हणाले, "जाऊ दे तिला, मलाच जमलं नाही." परवा त्यांच्या वर्षश्राद्धाला गेले, तर कित्येक वर्षांनी त्या खोलीत पाऊल टाकताच माझा फोन आपोआप वायफायला जोडला गेला. गच्चीच्या कठड्यावर तो डबा होता, गंजलेला, माझ्या खिडकीकडे तोंड करून तारेने घट्ट बांधलेला. "दर रविवारी तुला व्हिडिओ कॉल करायचे ना," आई म्हणाली, "ते इथेच बसून."