कंसात ढब्बू

माझ्या काकांच्या रक्षाविसर्जनाला अकरा माणसं होती, आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे.

त्यातली नऊ घरची. दहावा रिक्षावाला. अकरावा दुसऱ्याच कुणाच्या तरी रक्षाविसर्जनाला आला होता. चूक कळल्यावरही भिडेखातर थांबला. (देव त्याचं भलं करो. मी देव मानत नाही, तरी करो.)

काकांचं नाव विश्वनाथ ज्ञानदेव पाटील. हे नाव रेशनकार्डाला आणि आधार कार्डाला माहीत होतं. बाकी सगळ्या मंगळवार पेठेत ते ढब्बू! लहानपणी ढब्बू मिरचीसारखे गुबगुबीत होते म्हणे. पुढं माणूस वाळून काडी झाला, पण नाव काही वाळलं नाही. चाळीस वर्षं त्यांनी कुकर, स्टो आणि मिक्सर दुरुस्त केले. दुकानाला पाटी नव्हती. "ढब्बूकडं टाक" एवढाच पत्ता.

मी वाढले पत्रकांत. बाबांचा छोटा छापखाना, त्यात मोर्च्यांची आणि सभांची पत्रकं. मी अक्षरं शिकले तीच मुळी उद्गारचिन्हापासून! त्यामुळे कॉलेजात गेल्यावर पहिलं पत्रक लिहिलं तेही तसंच पेटलेलं: ‘टोपणनाव हा माणसाचा अपमान आहे! शरीरावरून हाका मारणं बंद करा!’ उदाहरण म्हणून अर्थातच काका.

काकांनी ते दोनदा वाचलं. मग सगळा गठ्ठा सायकलच्या हँडलला अडकवला आणि पेठभर स्वतः वाटला.

"घ्या, घ्या! आमच्या पोरीनं ह्या ढब्बूवर काढलंय! फुकट हाय!"

"काका, अहो त्यात लिहिलंय काय, आणि तुम्ही म्हणताय काय!"

"लई भारी लिहिलंयस की गं, पत्रके!"

झालं. त्या दिवसापासून समता पाटील संपली आणि पेठेत पत्रकी जन्माला आली. मी काकांशी आठवडाभर बोलले नाही.

दोन वर्षांपूर्वी काका-काकी आमच्याजवळ, गावाबाहेरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. दुकान मात्र पेठेतच होतं. रोज सायकलनं जायचे. मग छातीत पाणी झालं, आठ दिवस दवाखाना, आणि एका दुपारी संपलं. दवाखान्यातूनच परस्पर स्मशानात नेलं. पेठेला कळवायचं काम माझ्याकडं आलं.

कोल्हापुरात माणूस गेल्याचं चौकातल्या फळ्यावर लिहितात. मी फळा लिहिणाऱ्याला फोन केला. तो नवीनच होता.

"ताई, टोपणनाव सांगा. कंसात घालतो."

"घालायचं नाही."

"आवो, सगळ्यांचं घालतोय की. माणसानं वळखायचं कसं?"

"नावानं! निदान मेल्यावर तरी माणसाला त्याचं नाव मिळू दे!"

(हे वाक्य मला फार आवडलं होतं. तेव्हा.)

व्हॉट्सअॅपवरही तेच टाकलं, सोबत आधार कार्डावरचा फोटो. त्या फोटोत काकांना खुद्द काकीनंही ओळखलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पंचगंगेवर. काकी सारखी रस्त्याकडं बघत होती.

"थांबा जरा. ह्यांची माणसं येत्यात. लई हाईत."

थांबलो. नैवेद्य ठेवला तसा कावळा लगेच शिवला. त्याला नाव वाचायचं नव्हतं. आणखी अर्धा तास थांबलो. मग रक्षा सोडली.

परतताना रिक्षात काकी हळूच म्हणाली, "रोज रात्री सांगायचे, आज हा आलता, आज ती आलती. मला बरं वाटावं म्हणून सांगत हुते व्हय गं?"

मी तशीच चौकात गेले. फळ्यावर काकांचं नाव नव्हतं. ओल्या फडक्यानं पुसल्याचा डाग होता आणि त्याखाली सुंदर अक्षरात ओळ होती: ‘मी सुखरूप आहे. – वि. ज्ञा. पाटील, निवृत्त शिक्षक.’

पेठेत त्याच नावाचे एक गुरुजी होते! समोरच्या चहाच्या गाड्यावर ते स्वतःच बसले होते, गळ्यात हार नाही हे जणू पुन्हा पुन्हा चाचपत.

"पहाटेपासून तीसेक माणसं आली की गं घरात," ते म्हणाले. "दार मीच उघडलं. म्हटलं, कोण गेलं? तर म्हणत्यात, तुम्हीच! सगळ्यांना चहा पाजला न् लावून दिलं. कुणाचा वात्रटपणा काय माहीत."

चहावाली मावशी मध्येच म्हणाली, "पत्रके, बरी घावलीस. ढब्बू गगनबावड्याला पावण्यांकडं गेलाय काय? आठ दिस दुकान बंद. माझा कुकर पडलाय त्येच्याकडं."

"मावशी, काका गेले. काल."

मावशीच्या हातातलं पातेलं तिरकं होऊन चहा स्टोवर सांडला. स्टो फुसफुसला. तो काकांनीच दुरुस्त केलेला होता.

"ढब्बू गेला?"

तो शब्द गाड्यावरून पानपट्टीवर गेला, तिथून पिठाच्या गिरणीत. गिरणी बंद झाली. गुरुजी उठून उभे राहिले.

"म्हंजे त्यो विश्वनाथ... आरं देवा! मी ढब्बूला पुसलं?"

"तुम्ही नाही, गुरुजी," मी म्हणाले. "मी."

फडकं गुरुजींनीच आणून दिलं, खडूही. उत्तरकार्याचा दिवस घालून मी स्वतः लिहिलं: ‘आपला ढब्बू गेला.’ आणि पुढं, कंसात, बारीक अक्षरात: (विश्वनाथ ज्ञानदेव पाटील). ‘ढब्बू’तला ‘ढ’ काकांसारखाच बारीक आला.

उत्तरकार्याला आमच्या इमारतीचा जिना भरला. माणसं खाली रस्त्यावर थांबली. काकी दारात बसून प्रत्येकाला नाव विचारत होती आणि नाव ऐकलं की रडत रडत मान डोलवत होती. "व्हय, तुमचं सांगायचे. मिक्सरचं भांडं. व्हय, तुमचंबी सांगायचे." सगळी खरी निघाली.

एक म्हातारी माझ्यापाशी थांबली. "तू कोण गं?"

"मी समता."

"कोण समता?"

"विश्वनाथ पाटलांची पुतणी."

"कोण विश्वनाथ?"

मी इकडं तिकडं बघितलं.

"मी पत्रकी. ढब्बूची."

"आगं, मग असं सांग की!" म्हणाली आणि मला पोटाशी धरलं. तोवर मी रडले नव्हते.

फळा लिहिणाऱ्याला मी आत्ताच सांगून ठेवलंय. माझी वेळ आली की मोठ्या अक्षरात लिहायचं, ‘पत्रकी गेली.’ पुढं उद्गारचिन्ह पाहिजेच! कंसात काय वाटेल ते घाला. फक्त पेठेतली दुसरी कुणी समता पाटील सुखरूप असेल, तर तिनं कृपा करून वेगळ्या फळ्यावर लिहावं.