चिऱ्यांच्या रेघा

जांभ्या दगडाचे चिरे काढायला यंत्राने गेल्या उन्हाळ्यात आमच्या सड्याच्या उघड्या पठारावर मारलेल्या रेघा आज निळ्या झाल्या आहेत! काम थांबलं, रेघांत दगडाचा भुगा साचला, त्यात पावसाचं पाणी मुरलं आणि सीतेच्या आसवांची इवली फुलं उगवली. काळ्या कातळावर सरळ, निळ्या ओळी! कुणाला तरी धावत जाऊन सांगावंसं वाटलं, पण सोबत होता तो चुलतभाऊ नानू.

सडा आम्हा दोघांच्या नावावर. खाण कायमची बंद केली तर सरकार नुकसानभरपाई देणार आहे, पण दोघांची संमती हवी. नाहीतर दिवाळीनंतर यंत्र पुन्हा येणार. मी तयार आहे, नानू नाही. वाटेतही तो टोचत होता, "दादा, अर्ध्या सड्याचे चिरे काढून घर बांधलंस. आता फुलांचा पुळका?"

खोटं नव्हतं ते. माझ्या भिंती निघाल्या तिथे आता खोल खड्डा आहे, त्यात काही उगवत नाही. तरी भरपाईत माझाही वाटा. ज्याचं नुकसान झालं त्या कातळाने काही मागितलंच नाही. उलट जिथे आम्ही जेमतेम ओरखडा काढला, तिथे त्याने फुलं आणून ठेवली. आनंदाने आणि शरमेने माझा ऊर भरून आला.

मागे वळलो. वहाणा हातात घेऊन नानू फुलांच्या मधोमध एका पायावर उभा होता.

"दादा," तो हळूच म्हणाला, "आता पाय कुठं ठेवू रे?"