मागच्या खोलीतला पेंग्विन

रेवदंड्यात कुणाच्या अंगणात बोंबील वाळत घातले की त्याची बातमी वेगळी सांगावी लागत नाही. आमच्या वाचनालयातल्या किश्शांचंही तसंच आहे. मी निवृत्त कारकून. आयुष्यभर लोकांचे अर्ज वाचले, आता पुस्तकं वाचावीत म्हणून तिथे जाऊन बसू लागलो. मागच्या खोलीत लिनक्स आलं आणि वाचन संपलं.

त्या खोलीत चार कॉम्प्युटर आहेत. ते इतके जुने, की नवीन विंडोज त्यांच्यावर चालायची नाही, भंगारात घाला, असं दुकानदाराने सांगून टाकलं. कॉम्प्युटर गेले की खोली बंद, आणि खोली बंद झाली की ती सांभाळणाऱ्या वैशालीची नोकरी बंद. तिने एका रविवारी चारही मशीनवरून विंडोज काढून त्याजागी लिनक्स घातलं. सोमवारी मशीन पळायला लागली.

अध्यक्ष दामूअण्णांना धक्का बसला. मशीन चालली म्हणून नव्हे. लिनक्स फुकट मिळतं, म्हणून.

"फुकट? कोण देतो?"

"जगभरातले लोक मिळून बनवतात, अण्णा. कुणीही घ्यावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं."

अण्णांची सुपारीची वाडी आहे. त्यांनी वाडीच्याच हिशेबाने विचार केला. "म्हणजे कुंपण नसलेली बाग," ते म्हणाले. "अशा बागेत शहाणा माणूस शिरत नाही. मालक झाडावर बसलेला असतो."

आणि त्यांनी जाहीर केलं, की वार्षिक सभेत खोली बंद करण्याचा ठराव मांडणार. जागेला गिऱ्हाईकही तयार होतं. त्यांचा उरणचा भाचा राकेश. त्याचे ट्रेलर बंदरावर चालतात, आता त्याला इथे पर्यटकांना स्कूटर भाड्याने द्यायच्या होत्या.

*

तोपर्यंत मात्र खोलीवर सत्ता अण्णांची. वाचनालयाच्या सगळ्या चाव्या अध्यक्षाकडे असतात, तेव्हा मुख्य पासवर्डही अध्यक्षाचाच, असा त्यांचा आग्रह. नवीन काही घालायचं असलं की वैशाली त्यांना वाडीतून बोलावून आणायची.

लिनक्सची एक खोड आहे. काही वेळा पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही. टिंबं नाहीत, फुल्या नाहीत. अण्णांनी एकदा टाइप केलं, पडदा कोरा. दुसऱ्यांदा बोटं आपटून टाइप केलं, पडदा कोराच. मग मशीनला ऐकू कमी येत असावं अशा समजुतीने त्यांनी पडद्याजवळ तोंड नेलं आणि खणखणीत आवाजात एकेक अक्षर सांगितलं. शेवटी पूर्ण नाव घेतलं : "बाळा थळे!"

बाळा थळे अण्णांचा शेजारी. बांधावरच्या एका माडावरून दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद. तो बाहेरच्या बाकावर पेपर वाचत होता. पेपर खाली करून म्हणाला, "काय हो अण्णा, हाक मारलीत?"

अण्णा लालेलाल झाले. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊसाहेब, पासवर्ड विसरता कामा नये. बायकोचं नाव मी एखादवेळ विसरेन."

*

दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा झाली. हळदकुंकू, झेंडूचा हार, सगळं यथासांग. हार घालताना वैशालीचा हात बटणाला लागला आणि सीडीचा कप्पा आपोआप बाहेर आला. अण्णांनी हात जोडले. यंत्राने स्वतःहून तबक पुढे केलं, असं त्यांना वाटलं. त्यांनी त्यात आपल्या वाडीतली अख्खी सुपारी ठेवली. कप्पा आत गेला.

मग आतून अडकित्त्यासारखा आवाज येत राहिला. वैशाली बटण दाबत राहिली. लिनक्स शांतपणे चालूच होतं.

"खाल्लीन," अण्णा म्हणाले.

*

विंडोजसाठी बनवलेला खेळ लिनक्सवर कसा चालतो, हे मी वैशालीला विचारलं.

"मध्ये एक प्रोग्रॅम असतो, काका. तो खेळाला हवं ते सगळं पुरवतो. खेळाला वाटतं, आपण विंडोजवरच आहोत."

"आणि त्याला शेवटपर्यंत कळत नाही?"

"नाही."

मी नोकरीभर हेच केलं. साहेबांना वाटायचं ऑफिस ते चालवतात.

*

हिराबाई कोळीवाड्यातली. मासळीची पाटी घेऊन अलिबागला निघते. मिनीडोर रिक्षा प्रवाशांनी भरेपर्यंत उन्हात कुठे थांबणार, म्हणून मागच्या खोलीत पंख्याखाली येऊन बसायची. पाटी बाहेर ठेवायची, हा वैशालीचा नियम.

एका मशीनवर लिनक्सचं चिन्ह असलेल्या पेंग्विनच्या गाड्यांची शर्यत लावलेली होती. हिराबाईने ती बराच वेळ पाहिली. "पाखरू गाडी चालवतंय," ती म्हणाली, "आन माझ्या पोराला अजून लायसन न्हाय."

मग ती स्वतः बसली. पहिल्याच दिवशी दोन मिनीडोर गेल्या. लवकरच कॉलेजची मुलं तिच्याशी खेळायला घाबरू लागली. हातगाडी, बैलगाडी, होडी यांतलं तिने काय काय चालवलंय कोण जाणे. वळणावर ब्रेक तिला ठाऊक नव्हता.

*

वार्षिक सभा मागच्या खोलीच्या दारातच भरली, म्हणजे काय बंद करायचं ते सर्वांना दिसावं. वैशाली भिंतीला टेकून उभी होती. राकेश नवा शर्ट घालून आला होता.

"मामा, हे लिनक्स-बिनक्स कोण युज नाय करत," तो म्हणाला. "घरी माझा गेमिंगचा सेट बघ. हे डबडं आहे. यावर धड गेम पण नाय चालणार."

"चालतो," वैशाली म्हणाली. "हिरावहिनींना हरवून दाखवा."

राकेश हसला. "मच्छीवालीला?"

"ये दादूस, बस," हिराबाई म्हणाली.

अण्णा उठले. "ठीक आहे. राकेश जिंकला तर ठराव आत्ता मांडतो. हरला तर खोली राहील. मला त्या खेळातलं काही कळत नाही. पासवर्ड आणि पूजा सोडली तर मी या खोलीत पाऊल ठेवलेलं नाही."

शर्यत सुरू झाली. राकेश खरोखर चांगला खेळत होता. शेवटच्या फेरीत दोघांच्या गाड्या चाकाला चाक लावून निघाल्या. सभासद खुर्च्यांवर चढले. वैशालीने डोळे मिटून घेतले. हिराबाई जराशी पुढे सरकली, समोर धबधबा आला, आणि अध्यक्षांच्या खुर्चीतून आवाज आला :

"गाढवा, पाण्यातून घाल! मागे वाट आहे!"

राकेशने मान वळवून मामाकडे पाहिलं आणि त्याची गाडी दरीत गेली. हिराबाई रेषेपार झाली.

ठरावाचा कागद अण्णांच्या हातात तसाच होता. हिराबाईने पडद्यावरची नजर काढली नाही.

"अन्ना," ती म्हणाली, "मी तुमाला दावलेली वाट भाच्याला सांगता व्हय?"