अडुसष्ट किलोंची धवलारीण

ठमीला रस्त्यात पाहिलं की माणसं आधी डोळे बारीक करायची, मग ओळख पटायची, आणि मग चेहरा पडायचा. पुढचा प्रश्न सगळ्यांचा एकच, फक्त गळा ज्याचा त्याचा.

नाक्यावरचा किराणावाला शेठ हातातलं माप तसंच धरून म्हणायचा, "अरे ठमीबेन, तबियत बराबर छे ने? काय राहिला नाय तुमच्यात!" अलिबागच्या एसटीचा कंडक्टर दोन वर्षांपूर्वी "मावशी, दोन तिकिटं फाडू का?" म्हणून अख्ख्या गाडीला हसवायचा. तोच आता आवाज खाली आणून म्हणायचा, "बसा मावशी, टेका. घाई नाय." ठमीला त्याचं पहिलं बोलणं परवडलं होतं. मासळीवाली मात्र कोणाची भीड ठेवत नसे. ती टोपलीवरूनच ओरडायची, "काय गो ठमे, बोंबलावानी सुकली तू! तुना आतून कोन खातंय काय?"

ठमीचं उत्तर ठरलेलं होतं. "पित्ताचा खडा व्हता. काढला."

खडा कधीच नव्हता. ठमीचं पाऊण पोट कापून काढलं होतं.

त्याआधी ठमी एकशे चौदा किलोंची होती आणि पेणच्या खाडीकडल्या दहा गावांत तिच्यासारखी धवलारीण नव्हती. आगऱ्यांच्या लग्नात भटजी उशिरा आला तरी चालतं, धवलारीण वेळेवर लागते. मांडवाची मेढ रोवण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीचं आपलं गाणं, म्हणजे धवला असतो. तो मांडवातल्या चौकात पाटावर बसून तिनंच गायचा. ती थांबली की विधी थांबला. ठमीनं हे सगळं सासूकडून तोंडपाठ घेतलं होतं. तीस वर्षं तिला कधी माईक लागला नाही. मांडवात गायली की पार मिठागरावर तिचा नवरा चांगदेव काम थांबवून म्हणायचा, "आता नवऱ्याला तेल लागला."

मग एका लग्नात तेलाचा धवला गाता गाता तिचा दम अर्ध्यावर तुटला. छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली. कसाबसा धवला संपवून ती उठायला गेली तर गुडघ्यानं दगा दिला आणि ती काढलेल्या रांगोळीवरच बसली. दोन बाप्यांनी बगलेत हात घालून ओढली तरी उठेना. मागून कोणीतरी ओरडलं, "दिपेशची क्रेन बोलवा रं!" सगळा मांडव हसला. ठमीही हसली. हसताना तिला दिसलं की नवऱ्या मुलाची आई हसत नाहीये, पुसलेल्या रांगोळीकडं बघतेय.

दिपेश तिचा मुलगा. त्याचे उरणच्या बंदरात ट्रेलर-क्रेन चालायचे आणि त्याची जीभही बंदराची झाली होती. घरी आल्यावर ठमी त्याला म्हणाली, "मना खाली बसून गाता येत नाय रं. काय तरी कर."

"आई, सुन ना," तो म्हणाला. "नवी मुंबईला एक डॉक्टर हाय, एकदम टॉप. पोट छोटा करतो. छोटा पोट, छोटी भूक, विषय खल्लास. पन गावात बोलायचा नाय हां. लोकं बोलतील, हिला खायला आवरत नाय म्हनून पोट कापला. खडा होता म्हनून सांग."

ठमीनं मान हलवली. तिला गायचं होतं. बाकी कोणाला काय सांगायचं ते तिच्या दृष्टीनं फुटकळ होतं.

ऑपरेशननंतरचा पहिला महिना नुसत्या पाण्यावर आणि ताकावर गेला. मग दोन चमचे डाळ, मग अर्धं अंडं. हॉस्पिटलातली आहार सांगणारी ऋतिका मॅडम आठवड्याला फोन करायची. तिचं बोलणं ऐकून ठमीला वाटायचं आपल्याला कोणी बालवाडीत घातलंय. "मावशी, प्रोटीन फर्स्ट हं! राइस लास्ट! आणि जेवताना पाणी? नो-नो-नो!" फोन ठेवला की ठमी बोट नाचवत चांगदेवला म्हणायची, "चांगदेव, भात लाष्ट हं! नो-नो-नो!" तेवढंच घरात हसणं. एरवी चांगदेव आपल्या ताटातल्या भाताच्या ढिगाकडं बघत जेवायचा, मान वर न करता, चोरी केल्यासारखा.

वजन उतरत गेलं आणि सोबत दुसरंही बरंच उतरलं. केस फणीभर निघायचे. वैशाखाच्या उन्हात तिला थंडी वाजायची. दंडाचं कातडं रिकाम्या पिशवीसारखं लोंबायला लागलं. हिरवा चुडा भांडी घासताना मनगटावरून सुटून मोरीत पडायचा, शेवटी तिनं चुड्याला दोरा बांधला. चांगदेव एकदा सकाळी चहा पिताना म्हणाला, "आता तू घोरत नाय. मी उठून बघतंव, हाय का गेली."

पण गुडघे बरे झाले. मधुमेहाच्या गोळ्या बंद झाल्या. ती उकिडवी बसून मासे साफ करायला लागली आणि कोणाचा हात न धरता उठायला लागली. एक दिवस ती मिठागराच्या बांधावर गेली आणि आजूबाजूला बगळ्यांशिवाय कोणी नाही हे बघून तेलाचा अख्खा धवला गायली. दम कुठंच तुटला नाही. उलट शेवटाला थोडा उरला.

वर्षभर तिनं लग्नं घेतली नव्हती. तिच्या मागं बसून झील धरणारी रंगू कशीबशी वेळ निभावत होती. माघ संपता संपता ठमी तपासणीला गेली तेव्हा काट्यावर अडुसष्ट दिसलं. ऋतिकानं टाळ्या वाजवल्या. "मावशी, गोल वेट! यू डिड इट!" ठमीला जुना, तंबूएवढा ब्लाउज हातात धरायला लावून तिनं फोटो काढला.

ठमीनं फोटोपुरतं हसून विचारलं, "म्हंजे आता झाला ना? आता मी जेवू पयल्यासारखी?"

"अहो मावशी!" ऋतिकाला वाटलं ही गंमत करतेय. "आता लाइफटाइम असंच!"

ठमी ब्लाउजची घडी घालत राहिली. तिला वाटलं होतं, काटा तिथवर आला की पोट परत मिळतं. तसं कोणी म्हणालं नव्हतं, पण तसं नाही हेही तिला कळेल अशा भाषेत कोणी सांगितलं नव्हतं. ट्रेलरवाल्या पोरानं सह्या केल्या आणि विषय खल्लास झाला.

आणि ठमीला तर पोट लागणार होतं. कारण तिथल्या गावांची एक रीत होती. मांडवाच्या दिवशी दुपारचं पहिलं ताट धवलारिणीचं. ते तिनं चौकात बसून, सगळ्यांदेखत, पुसून संपवायचं. तोवर पाहुणा उपाशी. ताटात शीत जरी उरलं तर नवरीच्या घरात उणं पडतं म्हणायचे. एकशे चौदा किलोंच्या ठमीला ही रीत आहे हे कधी जाणवलंही नव्हतं. ती ताट संपवून वर "अजून एक वडा टाक गो" म्हणायची आणि पाहुणे खूश व्हायचे.

वैशाखात तिच्या भावाच्या, बाळाजीच्या, मुलीचं लग्न निघालं. गावात कुजबुज होतीच. काशी म्हातारीनं, गावातल्या सगळ्यात जुन्या बाईनं, बाळाजीला ओटीवर गाठून सांगितलं, "तुजी भयीन हाय, मना बोलू नये. पन तिच्या अंगाला काय तरी मोठा लागलाय. अशीला चौकात बसवू नको रं, शुभाचा काम हाय." बाळाजी तापट माणूस. तो म्हणाला, "माज्या प्रनालीचा धवला माजी भयीन गाईल. ज्याला नको त्यानं कानांत बोटा घालावी."

म्हणजे हे लग्न निभावलं तर ठमी पुन्हा धवलारीण. नाहीतर रंगू होतीच.

आदल्या दिवशी ठमी भावजयीकडं, सुचिताकडं गेली. "वयनी, उद्या माजा ताट हलका वाढ हां. एक वडा, मटनाच्या दोन फोडी."

सुचिता पेणची, बोलणं शहरी. तिनं ठमीच्या उघड्या पडलेल्या गळ्याच्या हाडांकडं पाहिलं आणि तिचे डोळे भरले. "हो हो ताई. काळजी नका करू." तिनं खरं कारण विचारलं नाही आणि ठमीनंही सांगितलं नाही. ओठावर आलं होतं. पण खड्याची गोष्ट इतक्या वेळा सांगून झाली होती की आता तीच खरी वाटायला लागली होती.

मांडवाच्या दिवशी ठमी गायली. पहिल्या ओळीलाच पोरांनी डीजे बंद केला. मेढीचा, उंबराच्या डहाळीचा, पाण्याचा असे एकामागून एक धवले तिनं उचलले. मागं रंगूची धावपळ होत होती, पण ठमी कुठं थांबली नाही. बाळाजी खांबाला टेकून छाती पुढं काढून उभा होता. काशी म्हातारी शेजारणीला म्हणाली, "आवाज तोच हाय गो. खालचा अंग कोनाचा हाय कुनास ठाव." तरी तिनं मान डोलावली.

मग सुचितानं ताट आणलं.

सात वडे होते. मटणाचा वाडगा काठोकाठ, भाताचा डोंगर, कडेला कोलंबी. नणंद खंगलीय, पोटभर जेवू दे, ही तिची माया. शिवाय नणंदेचं पहिलं ताट हलकं वाढलं तर बायका काय म्हणाल्या असत्या? ठमीनं मान वर करून तिच्याकडं पाहिलं. सुचिता प्रेमानं हसली. "जेवा ताई. सगळं तुमचंच आहे."

दोनशे माणसं बघत होती. ठमीनं वड्याचा तुकडा मोडला आणि वीसदा चावला. "चाव मोजतेस काय गो?" कोणीतरी हसलं. मटणाची एक फोड. पुन्हा तुकडा. चौथ्या घासाला छातीच्या मधोमध दगड बसला. तोंडात लाळेचा फेस जमायला लागला, कपाळावर घाम आला. तिनं पाचवा घास उचलला, ओठांपर्यंत नेला आणि खाली ठेवला.

"काय झाला?" काशीनं विचारलं.

"जात नाय."

"दम घे, पानी पी, आनि खा. पोरीचा काम हाय."

"जात नाय काकी. जानार बी नाय." ठमीनं पदरानं तोंड पुसलं. आता खडा तिच्या कामाचा नव्हता. "माजा पोट कापलाय. बारीक होवाला मीच कापून घेतला. खडा-बिडा काय नव्हता. मना काय झाला नाय, मी चांगली हाय. फक्त जेवन जात नाय."

ठमीला वाटलं आता सगळे हसतील. हसले असते तर बरं झालं असतं.

काशी म्हातारी काठी टेकत आली आणि तिनं ठमीच्या पाठीवर हात ठेवला. आवाज इतका मऊ केला की तो तिचा वाटेचना. "हां गो बाय. हां. तू बोलतेस तसाच हाय." मग बायकांकडं वळून ती अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशी कुजबुजली, "आमच्या सदाला बी डागतर अलसरच बोलला व्हता. निघाला दुसराच आजार. तीन महिन्यांत नेला."

"पोट कापून कोन बारीक व्हतंय काय?" दुसरी म्हणाली.

"बिचारी. कलून द्यायचा नाय म्हनून बोलतंय."

ठमी म्हणाली, "अगो, दिपेशला विचारा!" पण दिपेश मांडवाच्या टोकाला मोबाइलमध्ये डोकं घालून उभा होता. लोकांनी त्याच्याकडं पाहिलं तेव्हा तो लाजेनं लाल झाला आणि बाहेर गेला. पोराचा उतरलेला चेहरा बघून उरलीसुरली शंकाही फिटली.

रंगू पुढं येऊन पाटासमोर बसली. "आत्या, मी पुरा करतंव. पोरीला उना नको." तिनं ताट आपल्याकडं ओढलं आणि शीतही न ठेवता पुसून संपवलं. ज्यानं ताट संपवलं त्यानं पुढं गायचं, हे कोणाला सांगावं लागलं नाही. ठमी पाटावरून उठली. हात न टेकता, कोणाचा आधार न घेता, एका झटक्यात. ज्यासाठी तिनं सगळं केलं होतं ते हेच उठणं. ते कोणी पाहिलं नाही, कारण चार बाया तिला धरायला आधीच धावल्या होत्या.

त्या वैशाखात पुढं तीन लग्नं झाली. ठमीला तिन्हींची पत्रिका आली, सुपारी आली नाही. लोक वाईट वागले असं मुळीच नाही. कोणी नारळाचं पाणी आणून द्यायचं, कोणी अंगारा. मासळीवालीनं ओरडणं सोडलं. ती आता दोन पापलेटं जास्त टाकायची आणि काही बोलायची नाही. ठमी रोज बांधावरून तीन किलोमीटर चालून यायची आणि वाटेत भेटेल तो तिला सावलीत बसवायचा.

पंधरवड्यानं सुचिता आणि रंगू दुपारच्या घरी आल्या. चहा झाला. मग सुचिता शब्द जपून म्हणाली, "ताई, तुमचे सगळे धवले मोबाइलमध्ये भरून ठेवावे म्हणतोय. शंभर वर्षं जगा तुम्ही. पण असलेलं बरं."

"मी बरी हाय वयनी."

"हो, हो. बऱ्याच आहात."

चांगदेव पडवीतून उठून बाहेर गेला. ठमीनं रंगूच्या हातातला मोबाइल पाहिला. रंगूला निम्मे धवले अर्धेच येत होते हे तिला ठाऊक होतं. मेढीच्या धवल्यातल्या शेवटच्या चार ओळी तर रंगू सरळ गिळायची. सासूनं दिलेलं असं गिळलं जायला लागलं तर दहा वर्षांत काय उरणार होतं? ती मांडी घालून जमिनीवर बसली.

"कंचा पयला?"

"तुमी बोलाल तो, आत्या. पन दमू नका हां."

ठमीनं मेढीचा घेतला, मग तेलाचा, मग हळदीचा. दम भरपूर होता. रंगू दर दोन ओळींनी हातानं "हळू, हळू" करत होती आणि मोबाइल तिच्या तोंडाशी असा धरून बसली होती जसं कोणी आजाऱ्याला औषध पाजावं. शेवटी सासरी पाठवणीचा धवला आला. ठमीनं तो मोकळ्या गळ्यानं, सगळ्या ओळी जागच्या जागी ठेवून गायला. शेवटच्या ओळीला रंगूला आवरलं नाही. ती पदर तोंडात कोंबून मुसमुसायला लागली, सुचिताही नाक ओढायला लागली.

दोघींचं रडणं मोबाइलमध्ये भरलं गेलं. म्हणून ठमीला तो पुन्हा पहिल्यापासून गावा लागला.