खिंडीतलं गाऱ्हाणं

"ओ गुरुजी, तुमच्या चेडवाक वाचा आसा मा?"

गाडीच्या मागच्या सीटवरून, यात्रेत सोबत असलेल्या वेंगुर्ल्याच्या काकूंनी बाबांना माझ्याबद्दल हळूच विचारलं. मी खिडकीला डोकं टेकून झोपल्याचं सोंग घेतलं होतं. बाबा हसले. "आसा तर. पण फुकट खर्च करणा नाय."

बाहेर स्पितीचे डोंगर सरकत होते. एकही झाड नाही, भाजलेल्या मातीचा रंग आणि वर बर्फ. आमच्याकडे हिरवं इतकं असतं की ते दिसेनासं होतं. इथे रस्त्याकडेचं एखादं खुरटं झुडूपही स्वप्नात पाहिल्यासारखं वाटायचं.

काकूंचं काही चुकलं नव्हतं. मी इंग्रजी शाळेत शिकले. घरी बाबा मालवणीत बोलायचे, मी पुस्तकी मराठीत आणि मोजकं उत्तर द्यायचे. गावच्या देवळात तर माझा आवाज कुणी ऐकलाच नव्हता. बाबा तिथे गाऱ्हाणं घालतात. देवापुढे नारळ ठेवून, घरच्या वडीलधाऱ्याशी बोलावं तसं मोठ्याने सांगायचं. एक वाक्य झालं की बोलणारा थांबतो आणि जमलेले सगळे म्हणतात, 'होय म्हाराजा.' आई आजारी होती तेव्हाही बाबांनी गाऱ्हाणं घातलं, सगळं देऊळ होय म्हणालं. मी खांबाला टेकून गप्प उभी होते. आई गेली. माझ्या गप्प राहण्याने गेली असं मी कधी मानलं नाही. पण इतक्या जणांनी मागून जे मिळालं नाही, ते मागायला तोंड कशाला उघडायचं, हे मनात बसलं ते बसलंच.

"तुझ्या आवशीक बर्फ बघूचो होतो," आईची एवढीच इच्छा सांगून बाबांनी ही यात्रा ठरवली. आईने लावलेल्या माडाचा एक नारळ पिशवीत घेतला. तो खिंडीत, सगळ्यांत उंच जागी ठेवायचा होता.

खिंड आली तेव्हा बाबांना गाडीतून उतरता आलं नाही. ओठ निळसर पडले होते, श्वास छातीत पोचत नव्हता. ड्रायव्हरने त्यांना पाहिलं आणि लगेच गाडी उताराला लावली. पण खाली एका वळणावर वितळलेल्या बर्फाचं पाणी रस्ता फोडून धो धो वाहत होतं. हॉस्पिटलचं गाव त्या पाण्यापलीकडे. मागे फिरायचं तर पुन्हा खिंड. ऊन कलल्याशिवाय पाणी उतरणार नाही, असं ड्रायव्हर म्हणाला. गाडीत ठेवलेला प्राणवायूचा डबा संपत आला होता. बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "घंटा झाली काय गो? पोरां बाहेर उभी आसत." शाळेतून निवृत्त होऊन त्यांना किती काळ लोटला होता. मी त्यांचा हात धरून नुसती मान हलवली.

पुढचं आधी सांगते, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. ऊन कलायच्या बरंच आधी डोंगरावर ढग आले, गारठा वाढला आणि पाणी ओसरलं. आम्ही पार झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी हॉस्पिटलात पेज मागितली आणि ती तिथे मिळत नाही म्हणून रुसले. ढग आले की पाणी असं ओसरतंच, असं ड्रायव्हर म्हणाला. त्याचंही बरोबर असेल. मी वाद घालत नाही. ढगाचे आभार मानायला माझी हरकत नाही.

मला सांगायचंय ते ढग येण्याआधीचं.

वरच्या उतारावरून मेंढ्या उतरत होत्या आणि त्यांच्यामागून एक म्हातारी. तिने गाडीत डोकावून बाबांची कानटोपी नीट खाली ओढली, आपल्या थर्मासमधला गरम चहा त्यांच्या ओठांना लावला. मला काय सुचलं कोण जाणे, मी पिशवीतला नारळ काढून तिच्यापुढे धरला. तिने तो कानाशी हलवून पाहिला, आतलं पाणी ऐकून हसली. मग रस्त्याकडेच्या दगडांच्या राशीवर, फडफडणाऱ्या रंगीत पताकांखाली तो ठेवला आणि डोंगराकडे तोंड करून बोलू लागली.

ते मंत्र नव्हते. ते बोलणं होतं. आर्जव होतं, थोडी तक्रारही होती. एक वाक्य झालं आणि ती थांबली. वाऱ्याशिवाय आवाज नव्हता. दुसरं वाक्य. पुन्हा थांबली. भाषेतला एक शब्द मला कळत नव्हता, पण ते थांबणं माझ्या ओळखीचं होतं. इतक्या उंचावर, समुद्रापासून इतक्या दूर, आमच्या देवळातली ती रिकामी जागा जशीच्या तशी समोर होती. काकू डोळे मिटून रडत होत्या. बाबांचे ओठ किंचित हलले, पण शब्दाला पुरेल इतका श्वास त्यांच्यात नव्हता.

ती काय मागत होती, मला आजही ठाऊक नाही. बाबांचा जीव मागत असेल, मेंढ्यांसाठी गवत मागत असेल, किंवा तुझ्या मनात असेल ते कर, एवढंच सांगत असेल. आईच्या वेळी मागणं मला कळत होतं, ते मिळालं नाही म्हणून मी देवाशी अडून बसले होते. इथे अडून बसायला हातात काहीच नव्हतं. फक्त बाबांचा गार हात होता.

तिसऱ्यांदा ती थांबली. मी डोंगराकडे पाहिलं आणि काकूंना, ड्रायव्हरला, बाबांना, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"होय म्हाराजा."