नावामागचं शेपूट

आमच्या गावात कॉलेजात जाणाऱ्याला सगळं येतं असं धरून चालतात. मी बारावीनंतर गोंदियाला शिकायला गेले, तोवर आमच्या घरातल्या कोणीच कॉलेजचं फाटक ओलांडलेलं नव्हतं. पहिल्या सुट्टीत घरी आले तर शेजारच्या काकू राशनकार्डातली चूक दाखवायला आल्या. त्यांच्या मागून एक आजोबा बंद पडलेला टेबलफॅन घेऊन आले.

"आजोबा, मी कम्प्युटर शिकतो, पंखा नाही."

"दोन्ही करंटवरच चालतात ना व? पाहा तर खरी."

सगळे हसले. मीही हसले आणि पंखा उघडून पाहिला. मला नाही म्हणता येत नव्हतं. खरं सांगायचं तर म्हणावंसं वाटतही नव्हतं. गोंदियात वर्गात मी शेवटच्या बाकावर गप्प बसायचे. आपलं बोलणं ऐकून कोणी हसेल अशी भीती वाटायची. गावात मात्र मी बोलले की लोक माना डोलवायचे. हे लिहितानाही मला लाज वाटते, पण पुढे जे झालं ते इथूनच सुरू झालं.

माझी एक मैत्रीण आहे. पहिलीपासून बारावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. तिचं घर गावाच्या जंगलाकडच्या टोकाला आहे. वडील थोडी शेती करतात आणि उन्हाळ्यात तेंदूपानाच्या कामाला जातात. बारावीनंतर तिची आई आजारी पडली म्हणून ती वर्षभर घरी राहिली. आईसोबत वीसेक दिवस दवाखान्यात काढले, तेव्हा तिथल्या नर्सांना पाहून तिने ठरवलं की आपणही हेच करायचं. आई बरी झाली. तिचं ठरवणं मात्र पक्कं राहिलं. सलाईनची नळी कशी अडकते आणि ती कशी मोकळी करायची, हे ती मला हातवारे करून सांगायची.

पुढच्या जुलैत नर्सिंगच्या प्रवेशाचे ऑनलाइन अर्ज निघाले. मी शनिवारी घरी आले होते. तालुक्याला, सालेकस्याच्या नेट कॅफेत आम्ही गेलो तर बाहेरपर्यंत रांग, आणि आतला माणूस म्हणत होता की साइट चालत नाही, उद्या या.

"उद्या येऊ मग," ती म्हणाली. "तो नेहमी करतो, त्याले सवय आहे."

"कायले उद्या? मी करून देतो. घरी चल."

तिच्या ओसरीत आम्ही बसलो. दाखले काढले. आमच्याकडे कुठलाही दाखला मिळाला की आधी त्याला लॅमिनेशन करतात, त्यामुळे फोटो काढताना चकाकी येते आणि शिक्का दिसत नाही. तिने शक्कल काढली. दाखला सुपावर ठेवून सूप तिरपं धरलं. ती सूप धरायची, मी फोटो काढायचे. एकूण आठ कागद झाले. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, गुणपत्रिका, रहिवासी, असे सगळे.

अर्जात लिहिलं होतं की कागदपत्रं फक्त पीडीएफ स्वरूपात चालतील. माझ्याकडे होते फोटो, म्हणजे जेपीजी. दोन्ही शब्द मी ऐकले होते. फाईलच्या नावात टिंबानंतर जी तीन-चार अक्षरं येतात त्यावरून तिचा प्रकार कळतो, हे परीक्षेत लिहून मला मार्कही मिळाले होते. मी मनात त्याला शेपूट म्हणायचे. पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलमध्ये सरांनी आमच्याकडून नोटपॅडमध्ये चार ओळी लिहून घेतल्या होत्या. ती साधी मजकुराची फाईल. मग शेपूट काढून त्या जागी एचटीएमएल लिहायला लावलं, आणि तीच फाईल वेबपेज होऊन उघडली, मोठ्या ठळक मथळ्यासकट. मला तेव्हा इतका आनंद झाला होता की त्यामागचं कारण विचारायचं राहूनच गेलं. माझ्या डोक्यात एवढंच बसलं की शेपूट बदललं की फाईल बदलते.

म्हणून मी फोनमध्ये जातीच्या दाखल्याच्या फोटोचं नाव उघडलं, जेपीजी खोडलं आणि पीडीएफ लिहिलं. फोनने इंग्रजीत एक सूचना दाखवली.

"का म्हणते तो?" तिने विचारलं.

सूचना अशी होती की असं केलं तर फाईल कदाचित उघडणार नाही, तरी बदलायचं का? मी ती वाचली होती. मला ती समजलीही होती.

"काही नाही. विचारतेच तो तसा." मी हो दाबलं.

बाकी सातांचंही तसंच केलं. आठही फाईली चढल्या. प्रत्येकीपुढे हिरवी खूण आली. ते संकेतस्थळ फक्त नावाचं शेपूट पाहून आत घेत असणार, पण तेव्हा आम्हाला ती हिरवी खूण म्हणजे सरकारी शिक्काच वाटला. तिचे वडील दारात उभे राहून पाहत होते. ते म्हणाले, "कॅफेवाल्याचा कामच नाई पडला. कॉलेजवाली पोरगी आहे बा, उगाच नाई!" मी मान खाली घातली. पण ऐकायला गोड वाटलं.

अर्जावर मोबाइल नंबर तिच्या वडिलांचा दिला होता. त्यांच्या घरात नेटवर्क येत नाही. अंगणातल्या आंब्याच्या एका फांदीपाशीच येतं, म्हणून पावसाळ्यात फोन प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून त्या फांदीला टांगलेला असतो. वाजला तर कोणीतरी धावतं. पण रोवणी, म्हणजे धानाची लावणी, लागली की घरात कोणीच नसतं. सकाळी सगळे बांधीत, धानाच्या खाचरात, उतरतात ते अंधार पडताना पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, चिखलाने भरलेले हातपाय घेऊन परततात. आज एकाच्या शेतात, उद्या दुसऱ्याच्या. आल्यावर फोनचे मेसेज कोण वाचणार? आणि तेही इंग्रजीत.

ऑगस्टमध्ये तिचा मला फोन आला. आवाज बसलेला होता.

"व, एक मेसेज आला होता. कागद दिसत नाई म्हणते. तीन दिवसांत पुन्हा टाका म्हणे."

"कधी आला?"

"पाच दिवस झाले. आज पाह्यला."

मी गोंदियातून साइट उघडून पाहिली. दुरुस्तीची मुदत संपली होती. मी म्हणाले, "सर्व्हरचा काहीतरी प्रॉब्लेम असेल." मला खरंच तसं वाटलं होतं. आमच्याकडे जे काही बिघडतं ते सर्व्हरमुळेच बिघडतं.

ती आणि तिचे वडील गोंदियाला आले. मी त्यांना घेऊन प्रवेशाच्या मदत केंद्रावर चौकशीला गेले. खिडकीमागच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, "फाइल खुलतच नाही तर आम्ही तपासू काय? म्हणून तर तीन दिवस दिले होते. तुम्ही मेसेज बघितला नाही, त्याला आम्ही काय करणार?" त्या चुकीचं काही बोलत नव्हत्या. बाहेर आल्यावर तिच्या वडिलांनी खिशातून फोन काढला, त्याच्यावरची पन्नी सोडली, घडी केली आणि पुन्हा खिशात ठेवली.  स्टेशनवर गाडीत चढताना ती एवढंच म्हणाली, "बाबा, रोज एकदा तरी पाह्यला असता तुमी."

वडील पिशवी घेऊन आत चढले.

सप्टेंबरच्या शेवटी कॉलेजात प्रॅक्टिकल होतं. विषय होता फाईलींचे प्रकार. सरांनी एक पीडीएफ घेतली आणि ती मुद्दाम नोटपॅडमध्ये उघडली. पडदाभर खुणाच खुणा, पण अगदी सुरुवातीला स्पष्ट अक्षरांत पीडीएफ असं होतं. मग एक फोटो उघडला. तिथेही कचराच, पण पहिल्या ओळीत जेएफआयएफ अशी चार अक्षरं, म्हणजे जेपीजी फोटोची खूण. वर्डची फाईल उघडली तर ती म्हणजे एकात एक बांधलेल्या फाईलींचं गाठोडं निघालं.

"बघा," सर म्हणाले, "नाव तुम्ही काहीही ठेवा, फाईल आपली ओळख आत लिहून ठेवते. बाहर कुछ भी लिख दो, अंदर जो है वही है."

मी हात वर केला. वर्षभरात बहुधा पहिल्यांदाच. "सर, मग आपण नोटपॅडच्या फाईलचं एचटीएमएल केलं होतं ते?"

"एचटीएमएल म्हणजे साधी अक्षरंच ना बेटा. आत तेच होतं. आपण फक्त ब्राउझरला सांगितलं की तू उघड. फोटो का पीडीएफ करके देखो, होता है क्या?"

वर्ग हसला. मी खाली बसले. केबल काढली आणि फोन कम्प्युटरला जोडला. जुलैच्या त्या फाईली अजून तिथेच होत्या. जातीच्या दाखल्यावर दोनदा क्लिक केलं. फाईल खराब आहे, उघडता येत नाही, असं आलं. मग नोटपॅडमध्ये उघडली. पहिल्याच ओळीत ती चार अक्षरं. दुसरी फाईल उघडली, तिसरी उघडली. आठही उघडल्या, जरी पहिल्यातच सगळं कळलं होतं. फोटोची पीडीएफ करायला किती वेळ लागतो तेही त्याच तासाला शिकवलं. फोटो उघडायचा, प्रिंट दाबायचं, आणि प्रिंटरच्या जागी पीडीएफ निवडायचं. एका कागदाला अर्धा मिनिटही लागत नाही.

मी तिला लगेच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. फोनवर नको, समोर सांगू, असं ठरवलं. समोर गेले तेव्हा तिची आई होती. दुसऱ्या वेळी ती थकलेली वाटली. खरं कारण एवढंच होतं की मला भीती वाटत होती.

दिवाळीनंतर धानकापणीला मी घरी गेले. ती बांधीच्या धुऱ्यावर, कडेच्या बांधावर, विळा घेऊन बसली होती. आम्ही दोघीच होतो. मी सगळं सांगितलं. नोटपॅड, शेपूट, फोनची ती सूचना, मी ती वाचली होती हेसुद्धा. शेवटी म्हणाले, "तुझ्या बाबांमुळे नाही झालं. फाईलीच चुकीच्या होत्या. माझ्यामुळे झालं."

ती बराच वेळ विळ्याच्या दांड्यावरची माती नखाने काढत राहिली.

"मेसेज पाह्यला असता तर का झाला असता?"

"पुन्हा मलाच विचारलं असतंस. मी पुन्हा तशाच टाकल्या असत्या."

"तुले कवा मालूम झाला?"

"दीड महिना झाला."

तिने वर पाहिलं. "तीन महिने झाले, मी बाबासंग धड बोलली नाई. ताट वाढतो, बस. त्यातला दीड महिना तुले मालूम होता?"

मी हो म्हणाले.

"नर्सिंगचा जाऊ दे," ती म्हणाली. "हे काऊन केलीस?"

ती उठली आणि ओळ धरून कापायला लागली. मी थोडा वेळ उभी राहिले. मग तिच्या शेजारची ओळ धरायला वाकले, तर ती म्हणाली, "राहू दे. तुले जमत नाई."

त्या संध्याकाळी तिच्या घरी काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

यंदा अर्ज निघायच्या आधीच मी तिच्या आठही कागदांच्या पीडीएफ करून ठेवल्या. दाखल्यांचे जुने फोटो माझ्याकडे होतेच. प्रत्येक फाईल तीन वेगवेगळ्या कम्प्युटरवर उघडून पाहिली, आकारही मर्यादेत बसवला. अर्ज निघाल्यावर पेनड्राइव्ह घेऊन तिच्या घरी गेले. तिचे वडील ओसरीत होते. त्यांनी नेहमीसारखं "ये पोरी" म्हटलं, पाणी दिलं, आणि बैल पाहायला निघून गेले. ती बाहेर आली.

"झाला अर्ज," ती म्हणाली. "कॅफेतून केला. बाबा आले होते संग."

"मी सगळं तयार करून आणलं होतं."

"हो. पण तुझ्यापाशी नाई आली मी. वाईट नको मानजो."

मी नाही म्हणाले. तिने अर्जाचा नंबर सांगितला नाही आणि मी मागितला नाही.

परवा निवडयादी लागली. यादी पीडीएफमध्ये होती. मी शोधाच्या चौकोनात तिचं आडनाव टाकलं तर एकही सापडलं नाही, असं आलं.  मग लक्षात आलं की ही यादी छापून, सही करून, पुन्हा स्कॅन केलेली आहे. नाव पीडीएफचंच आणि फाईलही खरीच पीडीएफ, पण तिच्यात अक्षरं नाहीत, पानांचे फोटो आहेत. अशा फाईलमध्ये कम्प्युटरला काही शोधता येत नाही. माणसानेच वाचायचं. हॉस्टेलच्या जिन्यात बसून मी पहिल्या पानापासून एकेक नाव बोट लावून वाचलं. दुपारचं जेवण गेलं. शेवटचं पान संपलं. नजर चुकली असेल म्हणून पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

मग तिला फोन केला. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा तिच्या वडिलांनी उचलला.

"काका, यादी लागली."

"हो बाई. सकाळीच कॅफेत जाऊन पाह्यली आमी." ते म्हणाले. "नाई लागला तिचा. यंदा मार्क वर गेले म्हणते कॅफेवाला. कागद बरोबर होते."

मागून तिचा आवाज आला, कोणाचा फोन म्हणून विचारत होती. त्यांनी माझं नाव सांगितलं. ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही.

"ते पऱ्हे उपटून राहिली," काका म्हणाले. "हात चिखलाचे आहेत तिचे. मग फोन करतो म्हणते."

आज तिसरा दिवस आहे.